भोयरकाकांचा रविवार

भोयरकाका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. नागपूरच्या या मानेवाडा भागात माणूस गेला की फ्लेक्स लागतोच, त्याचं मला काही नाही. पण त्यावर काकांचा कुठल्याशा लग्नातला फेटा बांधलेला हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'शांत, मनमिळाऊ व सर्वांना सांभाळून घेणारे व्यक्तिमत्त्व'. मी स्कूटर थांबवून ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने जन्मात कुणाला सांभाळून घेतलं नाही, त्याला मेल्यावर लोकांनी शांत करून टाकलं. फ्लेक्सच्या तळाशी शोकाकुल म्हणून ज्यांची नावं होती, त्यांतल्या कितीतरी जणांनी काकांच्या सुनेचं दुसरं लग्न झाल्यापासून त्यांच्या घरचा चहा घेणंही बंद केलं होतं. संध्याकाळी मी दोऱ्या कापून तो फ्लेक्स खाली उतरवला. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडायची माझी तयारी होती.

भोयरकाका रागीट होते, ते आधी लिहून टाकतो.

मधुकर भोयर. पारशिवनीला सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले आणि आमच्या शेजारचं घर बांधून राहायला आले. बुटके, सावळे, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा कायम लावलेली, उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा. राग आला तरी तोंडात शिवी नसे. ते फक्त आवाज चढवत आणि समोरच्याला 'तुम्ही' म्हणायला लागत. एरवी मला 'काय बे सुध्या' म्हणणारे काका, मी एकदा त्यांच्या फाटकासमोर गाडी लावली तर गच्चीवरून म्हणाले, "सुधीरराव, तुमच्या गाडीचं आमच्या फाटकाशी काही नातं आहे काय?" अख्खी गल्ली ऐकत होती.

एक शब्द त्यांना अजिबात खपत नसे, 'चालते'. आम्हा नागपूरकरांचा हा लाडका शब्द. दुधात पाणी आहे, चालते गा. रस्ता खोदून तसाच सोडला, चालते. साहेब जागेवर नाहीत, चालते, उद्या येऊ. काका म्हणायचे, "काही चालत नाही. तुम्ही लोक चालवून घेता, म्हणून चालते."

या माणसाला बोलिंगला नेण्याची कल्पना अमोलची. अमोल त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा शाळेपासूनचा मित्र. स्वभाव बापाच्या अगदी उलटा. काका तापले की तो गालातल्या गालात हसत बसायचा. मिहानमधल्या एका कंपनीत तो लागला आणि पहिला पगार झाल्यावर लगेचच्या रविवारी आम्हाला सगळ्यांना मॉलमध्ये घेऊन गेला. काका, सुमनकाकू, मी, आणि प्रीती, जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं.

काउंटरवरच्या माणसाने काकांसमोर जोडे ठेवले.

"हे कोणाचे?"

"इथलेच आहेत काका. आत हेच घालावे लागतात."

"म्हणजे दुसऱ्याने घालून काढलेले? मंगल कार्यालयात कोणी आपले जोडे घालून गेला तर आपण त्याले चोर म्हणतो. तुम्ही इथं पैसे घेऊन तेच करून राहिले?"

अमोलने त्यांना खाली बसवून स्वतः त्यांच्या पायांत जोडे चढवले. पहिला बॉल काकांनी असा फेकला की तो दोन पावलांवर धप्पकन आदळला आणि बाजूच्या पन्हळीत घुसला. टोकाला उभ्या केलेल्या दहा पिना जागच्या हलल्या नाहीत.

"हे काय आहे?"

"नाली आहे बाबा. बॉल बाजूने गेला की नालीत पडते."

"इथं बी नाली! या शहरात नालीशिवाय काही बांधताच येत नाही काय कोणाले?"

अमोल हसून हसून जमिनीवर बसला. मग सुमनकाकूंची पाळी आली. त्यांनी पदर खोचला, बॉल दोन्ही हातांत धरला, वाकल्या आणि भोपळा घरंगळवावा तसा सोडून दिला. बॉल इतक्या सावकाश निघाला की मी मध्ये पाणी पिऊन आलो. शेवटी तो पिनांपाशी पोचला, एक पडली, ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर, आणि काकू ओरडल्या, "पडले वं माय!" त्या दिवशी काकू जिंकल्या. काका परतताना भाड्याच्या कारमध्ये सारखे म्हणत होते, "हे काही खरं नाही."

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार बोलिंगचा ठरला. अमोलचं लग्न झालं, सई झाली, ती प्रीतीच्या मांडीवर बसून बोलिंगच्या आवाजाने दचकायची, तरी रविवार चुकला नाही. काका दर वेळी जोड्यांवरून भांडत आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन फाटकाशी उभे असत. अमोलची एक लकब होती. बॉल सोडला की तो लगेच पाठ फिरवून आमच्याकडे चालू लागायचा. पिना पडल्या की नाही ते आमच्या चेहऱ्यांवरून ओळखायचा.

सावनेरच्या रस्त्यावर अमोल गेला. प्रीतीचं माहेर तिकडचं. तिला आणि सईला तिथे सोडून तो संध्याकाळी एकटाच मोटरसायकलने परत येत होता. कोळशाचा एक ट्रक बंद पडून रस्त्यातच उभा होता. मागे दिवा नाही, दगड नाही, झाडाची फांदीसुद्धा नाही. अंधार पडत आला होता.

भेटायला आलेल्या लोकांनी काय काय ऐकवलं ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. देवाला आवडला. त्याची वेळ आली होती. लिहिलेलं कोणाला चुकत नाही. काका भिंतीला टेकून बसले होते. एका नातेवाईकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "देवाची इच्छा, भाऊ."

काकांनी तो हात उचलून बाजूला ठेवला. "त्या ट्रकच्या मागं लाल दिवा नव्हता. देव काय ट्रक चालवते?"

"तसं नाही भाऊ..."

"मंग कसं? देवाचं नाव कायले घेता? ज्यानं ट्रक उभा केला त्याचं घ्या ना. घेता का? तुमची जीभ तिथं काहून नाही उचलत?"

तो माणूस उठून गेला. काकांचे मोठे भाऊ वसंतराव सावनेरहून आले होते, ते मला कोपऱ्यात म्हणाले, दुःखाने डोकं फिरलं आहे त्याचं. मला तर त्या घरात ठिकाणावर असलेलं तेवढं एकच डोकं दिसत होतं.

दोन महिने गेले. एका रविवारी दुपारी काकांनी माझी बेल वाजवली. शर्टाला इस्त्री, गुंडी गळ्यापर्यंत.

"चल. पहिला रविवार आहे."

मागे काकू उभ्या होत्या, डोळे सुजलेले, आणि सईला घेतलेली प्रीती. त्या दोघींची इच्छा नव्हती हे स्पष्ट दिसत होतं. पण काकांना नाही कोण म्हणणार? समोरच्या घरातल्या बाई फाटकाशी येऊन पाहू लागल्या. काका त्यांना म्हणाले, "बोलिंगले चाललो आम्ही. अजून कोणाले सांगायचं असलं तर सांगून या."

मॉलमध्ये लेनवरच्या गुणांच्या पाटीवर टाकायला नावं विचारली. काकांनी सांगितली, सुमन, प्रीती, सुधीर, मधुकर. मग म्हणाले, "अमोल."

त्या माणसाने टाकलं. त्याला काय माहीत. आम्ही एकेक करून बॉल टाकले, कसेबसे. मग पाटीवर अमोलचं नाव उजळलं आणि लुकलुकत राहिलं. कुणी उठेना. शेजारच्या लेनवर कॉलेजची पोरं दंगा करत होती. काका उठले, सगळ्यात जड बॉल उचलला आणि असा आपटला की काउंटरवरचा माणूस धावत आला. बॉल नालीत गेला. अमोलच्या नावापुढे शून्य लागलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. अमोलची पाळी काकांची, आणि त्या पाळीला ते असे फेकायचे जणू समोर दहा पिनांच्या जागी कुणी माणूस उभा आहे. प्रीती हात मांडीवर ठेवून पाटीकडे पाहत बसायची.

याच काळात त्यांनी लाल चमकणारी पट्टी घेऊन सावनेरच्या रस्त्यावर जायला सुरुवात केली. धाब्यावर ट्रक उभे असत. काका बसने जात, दुपट्टा बांधून एकेका ट्रकच्या मागे पट्टी चिकटवत, आणि ड्रायव्हर जेवत असला तर त्याच्यासमोर उभं राहून त्याला ऐकवत. एकदोनदा मी सोबत गेलो. काही ड्रायव्हर मुकाट्याने ऐकून घेत, एकाने तर पाणी दिलं. पण एका दिवशी ट्रकच्या मालकाचा माणूस तिथे होता. "बुढ्ढे, गाडीला हात कशाला लावतो?" म्हणत त्याने काकांना ढकललं. काका गिट्टीवर पडले, उजवं मनगट मोडलं. मी पोलिसात जाऊ म्हणालो. काका हात धरून म्हणाले, "जाऊ ना. आधी त्या ट्रकची पट्टी पूर्ण लाव. अर्धीच लागली आहे."

मी लावली. तक्रारही दिली, तिचं पुढे काही झालं नाही. अमोलच्या अपघाताच्या केसच्याही तारखा पडत होत्या. कधी वकील नाही, कधी साक्षीदार नाही. वसंतराव निरोप पाठवत, समझोता करून टाक, मोकळा हो. काका विचारत, "मोकळा होऊन जाऊ कुठं?"

मनगट जुळलं पण वाकडं. प्लास्टर निघाल्यावर ते डाव्या हाताने टाकू लागले. अमोलच्या नावापुढची शून्यं वाढली.

सई शाळेत जाऊ लागली त्या सुमारास वसंतराव एक दिवस तावातावाने आले. प्रीती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिथल्याच संदीप नावाच्या शिक्षकाने तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिने नाही म्हटलं नव्हतं. ही बातमी फिरत फिरत सावनेरला पोचली होती. मी काही कामाने काकांकडेच होतो.

काकांचा पहिला राग प्रीतीवरच निघाला. "मले हे दुसऱ्याच्या तोंडून काहून समजलं? मी मेलो होतो काय?"

प्रीती खाली मान घालून म्हणाली, "भ्याव वाटलं बाबा."

वसंतरावांना बळ आलं. "मधू, सून कोणी दुसऱ्याच्या घरी देते का? उद्या नात जाईल. घराण्याचं नाव जाईल. अमोलच्या आत्म्याले काय वाटेल?"

काकूही रडत म्हणाल्या, "माह्या पोराचं घर पुसून राहिली हे."

काका भावाकडे वळले. "दादा, अमोल गेला तवा तुम्ही सारे म्हणाले देवाची इच्छा. मंग हे बी देवाचीच समजा. तवा देव चालला, आता काहून चालत नाही?"

"तू सुनेच्या नादी लागून..."

"ऊठ," काका म्हणाले. "जा तू."

मोठ्या भावाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. वसंतराव चपला शोधत बाहेर पडले ते पुन्हा त्या घरात आले नाहीत. काका प्रीतीला म्हणाले, "त्याले पहिल्या रविवारी मॉलमध्ये बोलाव."

संदीप आला. चष्मा लावलेला, बोलायला हळू. जोडे मुकाट्याने घातले. काउंटरवरचा माणूस आता ओळखीचा झाला होता, त्याने न विचारताच नावं टाकायला घेतली.

"बाबा," प्रीती म्हणाली, "अमोलचं नाव नका टाकू."

काकांचा चेहरा तांबडा झाला.

"काहून? पाहुणे आले म्हणून? तुम्हाला लाज वाटून राहिली?"

"लाज नाही. राग येते मले." प्रीतीचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "राग काय तुम्हालेच येते फक्त? इतके वर्षं मी इथं बसून ती पाटी पाहून राहिली. दर महिन्याले तो हरते. शून्य, शून्य, तीन, शून्य. तो असा खेळत होता का बाबा? तो टाकून वळायचा, मागं पाहत बी नव्हता. तुम्ही त्याच्या नावानं बॉल आपटता अन् शून्य त्याच्या नावावर लागते. राग तुमचा आहे, तर तुमच्या नावावर टाका ना!"

शेजारच्या लेनवर कुणाचा तरी वाढदिवस होता, टाळ्या वाजत होत्या. सईने आईच्या ओढणीचा शेव धरून ठेवला होता. काका पाटीकडे वळले. मला वाटलं आता ते बॉल उचलून फोडतील काहीतरी.

"भाऊ," ते काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, "ते नाव काढा." मग म्हणाले, "मधुकर दोनदा लिहा."

त्या दिवशी पाटीवर दोन मधुकर होते आणि दोघंही हरले. काकू जिंकल्या. ओरडल्या नाहीत. काकांनी दोन्ही पाळ्यांना बॉल तितक्याच जोरात आपटला, फक्त दर वेळी परत येताना ते प्रीतीकडे पाहत.

खेळ संपल्यावर आम्ही वर खायला बसलो. काकांनी पहिल्यांदाच संदीपकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला राग येते का?"

संदीप गोंधळला. "येतो ना काका. कधी कधी."

"कायचा?"

त्याने चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? आता आला होता. तासभर मी इथं बसून आहे. मला ओळख ना पाळख, कुणी एक शब्द विचारला नाही. नुसते जोडे घालून बसायला बोलावलं होतं का मला?"

प्रीतीने कपाळाला हात लावला. पण काका खुर्चीत मागे टेकले. "बरं आहे," ते म्हणाले. "येते तर बरं आहे."

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. मुलीच्या बाजूने सही काकांनी केली, वाकड्या मनगटाने, वेळ लावून. काकूंनी सकाळपासून अंथरूण सोडलं नव्हतं, त्या शेवटच्या क्षणी रिक्षाने एकट्या आल्या आणि प्रीतीच्या हातात साडी देऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. सावनेरचं कुणी नव्हतं. गल्लीतलं माझ्या घराशिवाय कुणी नव्हतं. पुढे गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली तेव्हा त्यांनी काकांचं घर वगळलं. काकांनी त्यांच्या मागे गल्लीभर जाऊन भांडून वर्गणी दिली.

सई आईबरोबर हिंगण्याकडच्या नव्या घरी गेली. त्यानंतरचे काही दिवस काकांच्या घरातून काहीच आवाज येत नव्हता, आणि ते मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं. मग पहिला रविवार आला. संदीप कार घेऊन हजर झाला. सईने त्या दिवशी स्वतः बॉल टाकला, आणि त्या लेनवर काका तिला शिकवता शिकवता तिच्यावरच इतके तापले की ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही तिकडं जाऊन बसा बरं." ते जाऊन बसले.

केस अजून चालू आहे. काका गेले, तारीख नाही गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. प्रीती आणि मी जाणार आहोत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यातल्या एका सकाळी. सईला सुट्या लागल्या होत्या, ती दुसऱ्या दिवशी राहायला येणार होती. काकांनी कूलर अंगणात काढला होता आणि मिस्त्री त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलत होता. वाळा पातळ भरला म्हणून काका त्याच्यावर ओरडत होते. "पोरगी उद्या येऊन राहिली! तिले काय भट्टीत झोपवू? काढा, सगळं काढा, पुन्हा भरा." मिस्त्री घाम पुसत पुन्हा भरत होता. मी स्कूटर काढली तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली.

"सुध्या, थांब बे. तुह्यावर बी राग आहे माहा."

"माझ्यावर? मी काय केलं काका?"

"आधी थांब तर."

मला खरंच उशीर होत होता. म्हणालो, संध्याकाळी येऊन बोलणी खातो. "ये," ते म्हणाले, आणि पुन्हा मिस्त्रीकडे वळले. वळणावरून मी मागे पाहिलं तेव्हा ते ओले हात झटकत वाळ्याची जुडी नाकाशी धरून वास घेत होते.

दुपारी काकूंचा फोन आला.

राग कशाचा होता ते मला कळलंच नाही. काकूंना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. प्रीतीला विचारलं, तिलाही नाही. मी काय केलं असेन, कुठे काय चालवून घेतलं असेन, ते मी अजून आठवून पाहतो. एक शेजारी परवा म्हणाला, सुटलास तू, बोलणी वाचली तुझी.

मला ती बोलणी हवी होती.